‘मीली-माउथ्ड’: शब्द फोडण्यापासून मराठीत उतरवण्यापर्यंत

फोंड्याला मी भाषांतराचे छोटे वर्ग घेते. वर्गातली मुलं घरी कोकणी बोलतात, लिहितात मराठीत आणि वाचतात बरंचसं इंग्रजी. तीन भाषांत रोजची ये-जा असल्याने त्यांना शब्द पटकन कळतात. काही शब्द मात्र त्या घाईमुळेच चुकतात, आणि ‘मीली-माउथ्ड’ हा त्यांतला एक. एका उताऱ्यात या एकाच विशेषणाला मला तीन उत्तरं मिळाली: ‘खादाड’, ‘मितभाषी’ आणि ‘गोडबोल्या’.

तिन्ही चुकीची, पण प्रत्येकाचा पाय वेगळ्या पायरीवरून घसरला होता. ‘खादाड’ लिहिणाऱ्याने शब्द फोडताना चूक केली. ‘मितभाषी’ लिहिणाऱ्याने प्रसंग नीट वाचला नाही. ‘गोडबोल्या’ लिहिणारीला अर्थाचा वास लागला होता, पण तिने शेजारचा शब्द उचलला. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. अर्थ आधी, मराठी प्रतिशब्द अगदी शेवटी.

## आधीची तयारी

हाताशी तीन गोष्टी हव्यात. पहिली, ज्या वाक्यात शब्द आला ते वाक्य आणि त्याच्या मागची-पुढची दोन-दोन वाक्यं. नुसता शब्द वहीत उतरवून आणलात तर पुढचे निम्मे टप्पे करताच येणार नाहीत. दुसरी, इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ देणारा एक कोश. मोबाईलवरचा चालेल. पणजीच्या बाजूला राहत असाल तर पाट्टोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून मोठे कोश चाळता येतात, आणि एकाच शब्दाच्या दोन कोशांतल्या नोंदी शेजारी ठेवून वाचण्याची सवय तिथे चांगली लागते. तिसरी गोष्ट म्हणजे कोरा कागद, मराठी शब्द सुचत जातील तसे टिपायला.

सावध: इंग्रजी-मराठी कोश या टप्प्यावर उघडू नका. त्यात एका ओळीत चार मराठी शब्द स्वल्पविरामाने मांडलेले असतात आणि डोळा पहिल्यावरच थांबतो. तो कोश सातव्या टप्प्यात लागेल.

## टप्पा १: स्पेलिंग आणि उच्चार पक्का करा

स्पेलिंग असं: एम, ई, ए, एल, वाय, मग हायफन, मग माउथ आणि त्याला ई-डी. ब्रिटिश धर्तीच्या कोशांत हायफन दिसेल, तर अमेरिकेच्या मेरियम-वेब्स्टरमध्ये दोन्ही भाग जोडून एकच शब्द केलेला आहे. एका रूपाने शोधून सापडला नाही तर दुसऱ्या रूपाने शोधा. ‘शब्द कोशातच नाही’ असं मुलं मला सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं.

पहिला भाग ‘मी’ असा दीर्घ आहे. ऱ्हस्व ‘मिली’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात मिलीलिटर येतं. दुसऱ्या भागाचा शेवट आपण मराठीत ‘माउथ्ड’ लिहितो आणि लिहायला ते ठीक आहे. बोलताना मात्र ‘माउथ’ या नामातल्या ‘थ’चा इथे ‘दिस’, ‘दॅट’मधल्यासारखा घोष ‘द’ होतो, ‘माउद्ड’च्या जवळ जाणारा. अमेरिकेत दोन्ही उच्चार ऐकू येतात, त्यामुळे ‘थ’ राहिला म्हणून कुणी बिचकू नये.

## टप्पा २: शब्द फोडा, आणि ‘मील’ नीट ओळखा

‘खादाड’ या उत्तराचं मूळ इथे आहे. पणजीपासून काणकोणपर्यंत हॉटेलांच्या पाट्यांवर ‘मील’ दिसतं आणि त्याचा अर्थ जेवण. पण इंग्रजीत ‘मील’ हे दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग एक, उच्चार एक, मूळ वेगळं. एकाचा अर्थ जेवण. दुसऱ्याचा अर्थ दळलेलं धान्य, पीठ, भरड. ओटमील, कॉर्नमील यांत दुसरा ‘मील’ आहे. बागेत घालतो ते बोनमील म्हणजे हाडांची भुकटी. आपल्याकडे किनाऱ्यावर कानावर येणारं फिशमील म्हणजे मासळी सुकवून, दळून केलेली भुकटी. ती कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते. फिशमील आणि फिश थाळी यांत जेवढा फरक, तेवढाच या दोन ‘मील’मध्ये.

‘मीली’ हे या दुसऱ्या ‘मील’चं विशेषण: पिठाळ, पिठूळ. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरा, मेणचट भुकटी अंगावर असलेला किडा बसतो. मराठीत त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात आणि इंग्रजीत मीलीबग. हे एक उदाहरण डोक्यात ठेवलं तर ‘मीली’चा अर्थ पुन्हा चुकत नाही.

आता ‘माउथ्ड’. इथला ई-डी भूतकाळाचा नाही, त्यामुळे कुणी काही केलं असा अर्थ काढू नका. ‘ब्लू-आइड’ म्हणजे निळ्या डोळ्यांचा, ‘काइंड-हार्टेड’ म्हणजे दयाळू मनाचा, तसाच हा शब्द घडला आहे. शाळेत बहुव्रीही समास शिकलात तो आठवा. नीलकंठ म्हणजे ज्याचा कंठ निळा आहे असा तो. त्याच रीतीने मीली-माउथ्ड म्हणजे ज्याचं तोंड पिठाळ आहे असा तो.

तपासा: कागदावर ‘पिठाळ तोंडाचा’ असं लिहिलं गेलं का? लिहिलं असेल तर फोड बरोबर आहे. पण हे उत्तर नव्हे. इथेच थांबून ‘पिठाळ तोंडाचा मंत्री’ असं छापायला दिलेलं मी पाहिलं आहे.

## टप्पा ३: तोंड सोडा, बोलणं धरा

इंग्रजीत ‘माउथ्ड’ लागलेली बरीचशी विशेषणं तोंडाच्या आकाराविषयी किंवा तब्येतीविषयी बोलत नाहीत. ती माणूस बोलतो कसा हे सांगतात. मराठीला हे परकं नाही. ‘तोंडाळ’ म्हटल्यावर आपण कुणाच्या जबड्याकडे पाहत नाही, आणि ‘तोंडात तीळ भिजत नाही’ म्हणताना तोंडात खरेच तीळ नसतात.

बेसनाचा लाडू तोंडात आहे आणि तेवढ्यात कुणी अवघड प्रश्न विचारला, अशी कल्पना करा. माणूस गप्प नाही. आवाज येतो, शब्दही येतात, पण एकही शब्द सुटा, धारदार बाहेर पडत नाही. ऐकणाऱ्याला ‘हो’ म्हणाला की ‘नाही’, ते कळत नाही. अर्थ लक्षात ठेवायला हे चित्र पुरेसं आहे.

मग अर्थ असा: जे मनात आहे किंवा माहीत आहे ते सरळ सांगण्याचं धैर्य नसल्यामुळे, कुणी दुखावेल किंवा आपल्यावर येईल या भीतीने, मऊ आणि अस्पष्ट शब्दांत बोलणारा. माणसालाही हे विशेषण लागतं आणि त्याच्या बोलण्या-लिहिण्यालाही. निवेदन, खुलासा, माफी, उत्तर, सगळं मीली-माउथ्ड असू शकतं. आणि हा शब्द नेहमी दोष दाखवतो. कौतुकाने कुणी तो वापरत नाही.

## टप्पा ४: प्रसंगाला तीन प्रश्न विचारा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्यावर द्या. अर्थ पाठ असूनही शब्द चुकीच्या जागी वापरला जातो, कारण प्रसंग तपासलेला नसतो. प्रश्न तीन:

१. माणूस बोलला का?
२. स्पष्ट सांगण्यासारखं काही त्याच्याकडे होतं का?
३. ते टाळण्यामागे भीती, भीड किंवा स्वतःची सोय होती का?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच मीली-माउथ्ड. एकही ‘नाही’ आला तर दुसरा शब्द शोधा.

रविवारची ग्रामसभा घ्या. गावातल्या टेकडीवर डोंगरकापणी चालू आहे आणि लोक विचारतात, पंचायतीने परवाना दिला की नाही? सरपंचाने स्वतः कागदावर सही केलेली आहे. तो उठून म्हणतो, “विकास व्हायला हवा, निसर्गही राखायला हवा. सगळ्यांना विश्वासात घेऊनच पुढे जाऊ.” तो बोलला, उत्तर त्याला माहीत होतं, आणि ते द्यायला तो कचरला. तिन्ही ‘हो’. हे उत्तर मीली-माउथ्ड.

त्याच सभेत नुकताच बदलून आलेला सचिव म्हणतो, “मी अजून फाइल पाहिलेली नाही, पुढच्या सभेत सांगतो.” लोकांना हेही टोलवाटोलवीसारखं वाटेल. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आहे. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच, आणि नाही हे त्याने सरळ सांगितलं. त्याला हा शब्द लावणं अन्याय आहे.

तिसरा, एक पंच. सगळं ठाऊक असून तो खाली मान घालून बसला, चकार शब्द काढला नाही. पहिल्याच प्रश्नावर तो गळतो. त्याच्यासाठी इंग्रजीत ‘टाइट-लिप्ड’ आहे. वर्गातल्या ‘मितभाषी’ उत्तराची गफलत हीच होती: बोलून न सांगणं आणि न बोलणं या दोन गोष्टी एक धरल्या गेल्या.

सावध: बोलताना अडखळणाऱ्या, तोतऱ्या किंवा लाजऱ्या माणसाला हा शब्द कधीही लावू नका. तिथे प्रश्न जिभेचा किंवा स्वभावाचा असतो, धैर्याचा नसतो. लाजऱ्या विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात हा शब्द गेला तर तो मुलावर ठपका ठरतो.

## टप्पा ५: शेजारच्या शब्दांपासून वेगळा करा

गोडबोल्याला इंग्रजीत ‘स्मूद-टंग्ड’ किंवा ‘हनी-टंग्ड’ म्हणतील. तो बोलून समोरच्याला जिंकतो, त्याला काहीतरी मिळवायचं असतं. मीली-माउथ्ड माणसाला काही टाळायचं असतं. एक पुढे सरकतो, दुसरा मागे. गोंधळ होतो कारण दोघांचेही शब्द मऊ असतात. १९१३ च्या वेब्स्टर कोशातही या शब्दाच्या अर्थांत मऊ शब्द वापरणं येतं, पण त्याच नोंदीत भित्रं नाजूक बोलणं आणि सत्य साध्या शब्दांत सांगायची तयारी नसणंही येतं. नोंद शेवटपर्यंत वाचा. मऊपणावर थांबलात तर ‘गोडबोल्या’ हाती लागतो.

दुसरी सीमारेषा सभ्यपणाची आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. डॉक्टर वाईट बातमी हळुवारपणे सांगतात, शब्द जपून निवडतात, पण शेवटी घरच्यांना नेमकं काय झालंय ते कळतं. हे तारतम्य आहे. बातमी सांगून झाली आणि घरच्यांना काहीच कळलं नाही, तर मात्र बोलणं मीली-माउथ्ड झालं. ऐकणाऱ्याच्या हाती काय पडलं, हे पाहा.

‘माउथ्ड’वाली इतर भावंडं थोडक्यात. ‘फाउल-माउथ्ड’ म्हणजे शिवराळ. तोंडाला वास येणारा नव्हे, आणि ही चूक दर वर्षी होते. ‘ओपन-माउथ्ड’ म्हणजे आश्चर्याने आ वासलेला. ‘लाउड-माउथ्ड’ म्हणजे मोठमोठ्याने बढाया किंवा मतं सांगत सुटणारा. ‘क्लोज-माउथ्ड’ हा ‘टाइट-लिप्ड’च्या जवळचा, मनातलं बाहेर न काढणारा. ‘वाइड-माउथ्ड’ बहुधा बरणी-बाटलीला लागतो, तिथे तोंड खरंच तोंड असतं. लोणच्याची बरणी रुंद तोंडाची, एवढा सरळ अर्थ.

## टप्पा ६: इंग्रजी वाक्यात बसवा

नामाच्या आधी बसवता येतो: ‘अ मीली-माउथ्ड अपॉलजी’, गुळमुळीत माफी. क्रियापदानंतरही चालतो: ‘ही वॉज मीली-माउथ्ड अबाउट द डिले’, उशिराविषयी तो स्पष्ट काही बोलेना. विषय सांगायचा असेल तर ‘अबाउट’ घ्या. आपल्याकडे ‘ऑन’ घालण्याची सवय आहे, ती टाळा. तुलनेसाठी आधी ‘मोअर’ लावा, शब्दाच्या शेवटाला ‘अर’ जोडू नका. यापासून नाम आणि क्रियाविशेषण कोशात सापडतात, पण वाक्यात ती अवजड होतात. मी मुलांना ती वापरू देत नाही.

कुठे वापरायचा? अग्रलेख, परीक्षण, निबंध, वादविवाद यांत खुशाल. कार्यालयीन पत्रात, अर्जात, तक्रारीत नको, कारण हा शब्द समोरच्याच्या धैर्यावर बोट ठेवतो आणि पत्राचा मूळ विषय बाजूला पडतो. वार्ताहराने बातमीत स्वतःच्या तोंडी तो घालू नये. विरोधी सदस्य तसं म्हणाले असतील तर अवतरणात, त्यांच्या नावावर घ्यावा.

तपासा: वाक्यात या शब्दाच्या जागी ‘नॉट फ्रँक’ घालून वाचा. अर्थ टिकला आणि थोडी धार कमी झाली, तर शब्द योग्य जागी आहे. अर्थच बदलला तर टप्पा ४ पुन्हा करा.

## टप्पा ७: आता मराठी शब्द निवडा

इंग्रजी-मराठी कोश आता उघडा, आणि स्वतःच्या कानावरही विश्वास ठेवा. एकच प्रतिशब्द सगळीकडे चालवायचा हट्ट करू नका. विशेषण कुणाला लागलंय ते पाहून शब्द बदलतो.

बोलण्याला किंवा निवेदनाला लागलं असेल तर माझी पहिली पसंती ‘गुळमुळीत’ला. गुळमुळीत उत्तर, गुळमुळीत खुलासा. यात अस्पष्टपणा आहे, मऊपणा आहे आणि नापसंतीही आहे. ‘मोघम’ अर्थाने जवळ आहे, पण त्यात ठपका कमी. मोघम उत्तर नुसतं अपुऱ्या माहितीमुळेही असू शकतं. ‘संदिग्ध’ त्याहून थंड, कायद्याच्या कागदाला शोभणारा. धोरणाला किंवा भूमिकेला लागलं असेल तर ‘बोटचेपी भूमिका’ हा वर्तमानपत्री मराठीतला रुळलेला, नेमका शब्द आहे. ठाम राहायला हवं तिथे माघार घेण्याचा भाव त्यात पुरेपूर येतो.

माणसाला लागलं तर विशेषणामागे धावू नका. इंग्रजी जिथे विशेषणावर काम भागवतं, तिथे मराठी पुष्कळदा क्रियापदावर भागवते. ‘तो गुळमुळीत माणूस आहे’पेक्षा ‘तो सरळ काही बोलतच नाही’, ‘हातचं राखून बोलतो’, ‘आडवळणाने बोलतो’ ही वाक्यं कानाला आपली वाटतात.

आता ज्या मराठी वाक्प्रचारांचा मोह होतो आणि जे इथे चुकतात ते सांगते, कारण वर्गात खरी झटापट यांच्याशीच होते. ‘तोंडात मिठाची गुळणी धरणे’: तोंडात काहीतरी आहे म्हणून तो पिठाळ तोंडाशी अगदी जुळल्यासारखा वाटतो, पण त्याचा अर्थ मुकाट गप्प बसणं. ‘मूग गिळून गप्प बसणे’ही तसंच. दोन्ही पहिल्या प्रश्नावर बाद. ‘ताकास तूर लागू न देणे’ यात लपवण्याचं कसब आहे, भित्रेपणा नाही. ‘ताकाला जाऊन भांडं लपवणे’ क्वचित बसतो, म्हणजे माणूस स्वतःच काही मागायला आला आहे आणि ते सांगायला संकोचतो आहे अशा वेळी. मंत्र्याच्या खुलाशाला तो लावू नका. ‘तोंडदेखली माफी’ म्हणजे मनात नसताना केवळ दिसण्यासाठी मागितलेली. ती शब्दांत अगदी स्पष्ट असू शकते. मीली-माउथ्ड माफीत शब्दच धूसर असतात: “कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर...” अशी. आपण केलं काय, याचा त्यात उच्चारच नसतो.

सावध: ‘मिळमिळीत’ आणि ‘गुळमुळीत’ यांची सरमिसळ करू नका. मिळमिळीत म्हणजे बेचव, जोर नसलेलं. भाषण मिळमिळीत असूनही पूर्ण स्पष्ट असू शकतं.

## टप्पा ८: उलटं भाषांतर करून पाहा

मराठी वाक्य तयार झालं की मूळ इंग्रजी झाका. ज्याने मूळ वाचलेलं नाही अशा कुणाला तरी, भावाला, मैत्रिणीला, तुमचं मराठी वाक्य द्या आणि त्याचं इंग्रजी करायला सांगा. ‘व्हेग’, ‘इव्हेझिव्ह’, ‘नॉट फ्रँक’ यांच्या आसपासचं काही परत आलं तर तुमचं भाषांतर पोहोचलं. ‘स्वीट’, ‘पोलाइट’ किंवा ‘सायलेंट’ परत आलं तर चूक शब्दकोशात शोधत बसू नका. ‘स्वीट’ आणि ‘पोलाइट’साठी टप्पा ५, ‘सायलेंट’साठी टप्पा ४ पुन्हा करा.

वर्गातल्या त्या उताऱ्यातलं वाक्य चौकशी समितीपुढे दिलेल्या निवेदनाविषयी होतं, आणि ‘मीली-माउथ्ड’ निवेदनाला लागलं होतं, अधिकाऱ्याला नव्हे. हे तिघांच्याही नजरेतून सुटलं होतं. सगळे टप्पे पुन्हा केल्यावर ‘गोडबोल्या’ लिहिणाऱ्या मुलीने खाली असं लिहिलं: “अधिकाऱ्याने दोन पानी निवेदन दिले, पण ते इतके गुळमुळीत होते की पूल कुणाच्या चुकीने खचला हे शेवटपर्यंत कळले नाही.” तिने ते शेजारच्या बाकावरच्या मुलाला दिलं. त्याने इंग्रजी केलं, त्यात ‘इव्हेझिव्ह’ आलं.